पाच लिटर

लोणी काळभोरला कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सची दुकानं ओळीनं आहेत. त्यातल्या एकात पांढऱ्या दाढीचा एक माणूस बसतो. पोरं त्याच्या हातात कागद ठेवतात, तो "पाठपोट?" एवढंच विचारतो, कागद मशीनला लावतो आणि गरम गरम प्रती समोर सरकवतो. दुकान त्याच्या बहिणीचं आहे. त्या पोरांना कोणी सांगितलं की ह्या माणसानं स्वतःच्या हिमतीवर जॅझचा एक अल्बम काढलाय, नुसत्या गिटारचा, गाणारा कोणीच नसलेला, तर ती म्हणतील, काका, कशाला फेकताय. त्यांचं काही चुकणार नाही. मलाही हल्ली ते खोटं वाटतं, आणि मी तर त्याच्या शेजारी बसून अर्धं आयुष्य वाजवलंय.

मागच्या महिन्यात त्याला भेटायला गेलो होतो. "चहा घेतोस?" म्हणाला. मी म्हटलं, घेतो. चहा आला, प्यायलो, पुढे तो कागद लावत बसला आणि मी बघत बसलो. निघताना त्याच्या बहिणीचे यजमान मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "आवो, कायच बोलत न्हाईत. जेवाय बसा म्हनलं की बसत्यात, उठा म्हनलं की उठत्यात. तरास काडीचा न्हाई त्यांचा. पर मानूस घरात हाय का न्हाई, त्येच कळत न्हाई." हा माणूस घरात असला की आजूबाजूच्या चार बिल्डिंगांना कळायचं, असं मला त्यांना सांगावंसं वाटलं. पण सांगून त्यांना पटलं नसतं.

आमची ओळख ऑर्केस्ट्रातली. मी दिवसा सहकारी बँकेत कारकून आणि संध्याकाळी कीबोर्डवाला. तो दिवसभर गिटारचे क्लास घ्यायचा आणि संध्याकाळी आमच्यात यायचा. लग्नं, साठीशांती, सोसायट्यांचे वर्धापनदिन, जिथं बोलावतील तिथं आम्ही जुनी सिनेमाची गाणी वाजवायचो. जॅझ तो कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गोवेकर सरांकडे शिकला होता. त्या सरांनी त्याचं कायमचं वाटोळं केलं, असं आमचा ऑर्केस्ट्राचा मालक म्हणायचा. एका पोराच्या पहिल्या वाढदिवसाला, केक कापताना, ह्यानं वाढदिवसाच्या साध्यासुध्या गाण्यामागे असा काही कॉर्ड लावला की पोरानं भोकाड पसरलं. पोराची आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, कोणी गेलंय का तुमच्यात?" मी खाली मान घालून वाजवत राहिलो.

त्याचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे सूर लावणं. सगळं जग ट्यूनर वापरतं. हा ट्यूबलाइटच्या चोकखाली उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि त्या गुणगुणीला गिटारच्या तारा लावायचा. चोक नसला तर फ्रिज. फ्रिज नसला तर रस्त्यावरचा विजेचा डीपी. म्हणायचा, "अख्ख्या देशाची वीज एका सुरात आहे. बेसूर तुम्ही लोक आहात." आता तो विजेचा सूर कीबोर्डच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. पांढरी आणि काळी यांच्या मधे कुठेतरी तो लोंबकळतो. म्हणजे दर कार्यक्रमाला अख्खा कीबोर्ड मी त्याच्यासाठी वर चढवायचा. विसरलो की पहिल्याच गाण्यात दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं आणि हा साहेब माझ्याकडे तुच्छतेनं बघणार.

मांजरी गावात एका लॉन्सवर रिसेप्शन होतं. लाइट गेली, जनरेटर लागला. जनरेटर दमलेला, त्याचा सूर उतरत चाललेला. आमची गायिका तार सप्तकात, आणि हा गाणं चालू असताना खुंट्या पिळून गिटार खाली उतरवतोय. गाणं संपल्यावर तिनं माइक खाली ठेवला आणि विचारलं, "दादा, तुम्ही माझ्यासोबत वाजवताय की जनरेटरसोबत?" हा शांतपणे म्हणाला, "तो निदान दम लागल्याचं लपवत नाही." ती बाई पुन्हा आमच्यात आली नाही.

आणि बदल करणं हे तर त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. एका लोणच्याच्या जाहिरातीचं काम होतं. त्या लोकांनी एवढंच म्हटलं की शेवटचा कॉर्ड जरा गोड करा. यानं गिटार पेटीत ठेवली, पेटी लावली आणि निघून गेला. जाताना म्हणाला, "लोणचं आहे ना? मग गोड कशाला?" मालकानं हात टेकले. मीही टेकले. वीसेक वर्षांत ह्या माणसानं कोणाचं ऐकून एक सूर इकडचा तिकडे केल्याचं मी पाहिलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते ह्याच्या अगदी उलट झालं.

घरी मात्र त्याची डाळ शिजत नसे. वहिनी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या. बुटक्या, चष्मेवाल्या, आवाज खणखणीत. तो वाजवायला बसला की त्या वह्या तपासता तपासता विचारायच्या, "अहो, हे संपत आलंय की अजून सुरू व्हायचंय?" अल्बम काढायचा, स्वतःचा, एकट्याचा, हे तो लग्नाच्या आधीपासून म्हणत होता. वहिनी म्हणायच्या, "यांचा अल्बम म्हणजे आमच्या सोसायटीची लिफ्ट आहे, भावजी. येतेय येतेय म्हणतात, दार काही उघडत नाही." तो हसायचा. त्याला राग येत नसे. तिच्यावर रागावलेला मी त्याला कधीच पाहिला नाही.

वारज्याला त्यांचा छोटा फ्लॅट. एक खोली, एक हॉल, आणि स्वयंपाकघराला लागून हवेसाठी ठेवलेला डक्ट. त्या डक्टमध्ये पारवे. वरच्या मजल्यावरच्या कोणाला तरी पुण्य कमवायचं होतं, ते रोज दाणे टाकायचे. वहिनींना खोकला लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं, खडूची धूळ असेल. मग जिना चढताना धाप लागायला लागली. मग बोलताना. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टर म्हणाले, पारव्यांमुळे झालंय. फुप्फुसं आतून जाड होत जातात आणि गेलेला भाग परत येत नाही. वहिनी घरी येऊन म्हणाल्या, "पुण्य वरच्यांना आणि फुप्फुसं माझी. हिशोब बरोबर आहे."

डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन आणखीही काही सांगितलं होतं. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या सीटवर बसून, त्यानं ते मला सांगितलं. सुधारणा नाही. वर्ष निघालं तर निघालं. मी काहीतरी धीर द्यायला गेलो, तर म्हणाला, "तू गप्प बस. मला अल्बम करायचाय. ती ऐकेल एवढ्या वेळात झाला पाहिजे. ती गेल्यावर झाला तर मला तो नको." त्याचा आवाज इतका कोरडा होता की मला भीती वाटली. आयुष्यभर जे ढकललं ते आता त्याला त्या एका वर्षात बसवायचं होतं, आणि ते वर्ष पुरं मिळेल की नाही हे कोणीच सांगत नव्हतं.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. कोविडात गल्लोगल्ली दिसायचं ते. छोट्या कपाटाएवढं, विजेवर चालणारं. त्याला काचेची एक उभी नळी असते आणि तिच्यात एक बारका गोळा. मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातोय ते तो गोळा दाखवतो. मशीन सतत गुणगुणतं. ठरावीक वेळानं आतून 'ठक्' होतं आणि मग 'फुस्स'. पाण्याच्या बाटलीतून हवा जाते तिचे बुडबुडे वेगळे. वहिनींच्या नाकात नळी, नळीचं दुसरं टोक मशीनला. शाळा त्यांनी सोडली, पण कारण कोणाला सांगितलं नाही. शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, हवा शुद्ध करायचं यंत्र घेतलंय. कोणाची कीव करून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्यांना एकटं सोडता येईना. त्यानं ऑर्केस्ट्रा सोडला, क्लास बंद केले आणि घरातच रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. एक छोटा रेकॉर्डर, एक माइक. आधी तो स्वयंपाकघरात दार लावून बसला. मशीनची गुणगुण भिंतीतून आली. मग बाथरूममध्ये बसला. तिथेही आली. गाद्या लावल्या, गोधड्या टांगल्या, सगळं करून पाहिलं. एके दुपारी मी गेलो तर हा मशीनच्या शेजारी स्टूल टाकून बसलेला, कान मशीनच्या झाकणाला लावलेला, आणि तारा जुळवतोय. पलीकडे पलंगावर वहिनी पेपर वाचतायत. मला बघून म्हणाल्या, "बघा. शेवटी ह्यांना मशीनमध्ये बायको सापडली."

त्या दिवसापासून तो तिथंच वाजवायला लागला. मशीनची गुणगुण हा त्याचा सा. 'ठक्' कधी येणार ते त्याच्या रक्तात भिनलं होतं. तो एक ओळ वाजवायचा, थांबायचा, 'ठक्-फुस्स' होऊ द्यायचा आणि मग पुढची ओळ. कधी कधी गिटार इतका वेळ गप्प राहायची की नुसतं मशीन आणि बुडबुडेच ऐकू येत. मधेच वहिनींचा खोकला. तोही तो राहू द्यायचा, आणि खोकला संपला की जिथं संपला त्याच सुरावर हळूच बोट ठेवायचा. मला जॅझ कळत नाही आणि प्रयोग तर त्याहून कळत नाही. माझं आयुष्य सिनेमाच्या गाण्यांत गेलं. पण हेडफोन लावून त्यानं मला पहिला तुकडा ऐकवला तेव्हा मला तो पुरा ऐकता आला नाही. मी हेडफोन काढून ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची. मशीन बंद, वहिनी सिलिंडरवर. त्या दिवशी हा गिटारला हात लावत नसे. नुसता बसून राहायचा. सोसायटीतल्या बायकांना वाटलं, यांचा गुरुवार असतो. मग त्यांच्याकडून साबुदाण्याची खिचडी यायला लागली. तो निमूटपणे खायचा. वहिनी म्हणायच्या, "खा. देवाला फसवताय ते फसवताय, बायकांना तरी फसवू नका." हे बोलताना त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला, हे मला आठवतंय.

तुकड्यांना त्यानं नावं दिली ती मशीनच्या नळीवरून. ज्या दिवशी गोळा जिथं असेल ते नाव. पहिला 'दोन लिटर'. मग 'अडीच'. मग 'तीन', 'चार'. शेवटचा आणि अल्बमचं नावही तेच, 'पाच लिटर'. ते मशीन त्याच्यापुढे जातच नाही. मी त्याला म्हटलं, अरे, लोकांना काय कळणार. तो म्हणाला, "लोकांसाठी आहे कुठे?"

सगळं वाजवून झालं तेव्हा त्यानं ते वहिनींना ऐकवायचं ठरवलं. रीतसर. मशीन लांब सरकवलं, मला बोलावून घेतलं, स्पीकर लावले. वहिनी इतके महिने त्याच खोलीत होत्या, पण माइकमध्ये काय जातंय याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना वाटलं होतं, वायरीतून फक्त गिटार जाते. पहिल्याच तुकड्यात स्वतःचा खोकला ऐकू आला आणि त्यांचा चेहरा उतरला. बंद करा, म्हणाल्या. त्यानं बंद केलं.

"हे मशीन आहे त्यात."

"हो."

"आणि मी."

"हो."

"काढा."

तो म्हणाला, "काढलं तर काही उरत नाही. सगळं त्यावरच उभं आहे."

"अहो, सगळं पुणं ओळखतं हा आवाज. घरोघरी लागलं होतं हे मशीन. कोणीही ऐकलं तरी पहिल्या मिनिटाला म्हणेल, ह्याच्या घरात कोणीतरी मरतंय. नाव ठेवा तुम्ही लिटरचं, मला चालतंय. लोकांना दुधाचं वाटेल. पण मला अशी चारचौघांत मांडू नका." मग जरा श्वास घेऊन म्हणाल्या, "मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

मी सावरून बसलो. लोणच्याचा कॉर्ड ज्यानं बदलला नाही तो हे कसलं ऐकतोय. मला वाटलं, आता हा उठेल, चपला घालेल आणि निघून जाईल. त्यानं त्या काचेच्या नळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं." एवढंच. मला त्याचा त्या क्षणी भयंकर राग आला आणि त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

कोथरूडला एका तळघरात स्टुडिओ आहे. तिथला तिशीचा साउंडवाला मुलगा एरवी गणपतीची गाणी आणि गोष्टींची पुस्तकं रेकॉर्ड करतो. कामात हुशार. त्या दिवशी वहिनींजवळ त्यांची मावसबहीण बसली होती म्हणून ह्याला घराबाहेर पडता आलं, आणि मी सोबत गेलो. मुलानं ऐकलं आणि म्हणाला, "काका, नो प्रॉब्लेम. हा बॅकग्राउंडचा नॉइज पूर्ण जाईल. एकदम क्लीन करतो." नॉइज म्हटल्यावर ह्याचा चेहरा असा झाला की मी त्याचा दंड धरला. संगणकानं काम केलं. मशीन गेलं, बुडबुडे गेले, खोकला त्या मुलानं एकेक शोधून कापला. गिटार राहिली. सगळ्या फटी स्वच्छ झाल्या.

मुलगा सहज म्हणाला, "काका, गंमत बघा. जे काढलं ते पण वेगळं ऐकता येतं." आणि त्यानं ते लावलं. गिटार नसलेलं. नुसतं मशीन, मधूनच वहिनींचा खोकला, पेपरचं पान उलटल्याचा आवाज, एकदा 'अहो' अशी हाक. मुलगा ते बंद करायला गेला तर ह्यानं त्याचा हात धरला. शेवटपर्यंत लावून ठेव, म्हणाला. आम्ही तिघं त्या तळघरात बसून, काढून टाकलेला अख्खा अल्बम ऐकत राहिलो. मुलाचं पुढचं गिऱ्हाईक बाहेर येऊन थांबलं होतं, पण तो मुलगाही उठला नाही. संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, "सेव्ह करून देऊ, काका?"

"नको."

"असू द्या ना. आणि ओरिजिनल फाइलपण ठेवतो मी."

"नको. तीही पुसून टाक. तिनं काढायला सांगितलंय. काढलंय म्हणजे काढलंय."

घरच्या रेकॉर्डरमधलंही त्यानं पुसलं. मी त्याला शिव्या घातल्या. त्यानं ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "ठेवलं असतं तर तिला खोटं सांगितल्यासारखं झालं असतं."

अल्बम त्याच मुलानं ऑनलाइन चढवून दिला. पांढरं मुखपृष्ठ, वर काळ्या अक्षरात नाव. आमच्या ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर मी लिंक टाकली. भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले. एकानं लिहिलं, अभिनंदन भावा, गायक कोण आहे? दुसऱ्यानं विचारलं, तेलाची जाहिरात आहे का? पुढे कोणी काही विचारलं नाही. किती जणांनी ऐकला ते त्या साइटवर दिसतं. आकडा इतका लहान होता की त्यात मी, तो साउंडवाला आणि आम्हीच पुन्हा पुन्हा असणार.

त्यानंतर काही आठवड्यांनी वहिनी गेल्या. दवाखान्यात, दुपारच्या वेळी. मशीनवाल्यानं मशीन परत नेलं. ह्यानं गिटार एका जुन्या विद्यार्थ्याला देऊन टाकली, फ्लॅट बंद केला आणि बहिणीकडे गेला. आमच्या ऑर्केस्ट्रात अजूनही बोलतात की बिचाऱ्याचा अल्बम कोणी ऐकला नाही, म्हणून त्यानं हाय खाल्ली. मूर्ख आहेत सगळे. लोकांनी ऐकावा असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. ज्या एका माणसासाठी केला त्या माणसानं तो ऐकला. तेव्हा मी त्या खोलीत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, पण तो झेरॉक्सच्या दुकानात असा बसलेला पाहिल्यापासून माझ्या पोटात राहत नाहीये.

अल्बम आला त्याच दुपारची गोष्ट. मी पेढे घेऊन गेलो. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. नळीनं कानामागे जखमा झालेल्या, तिथं कापूस लावलेला. गोळा पाचवर. त्यानं स्पीकर लावले आणि अल्बम सुरू केला.

गिटार आली. खाली मशीन गुणगुणत होतंच. एक ओळ झाली, गिटार थांबली, आणि बरोबर त्याच जागी मशीननं 'ठक्-फुस्स' केलं. दर वेळी इतकं नेमकं पडेल असं नाही, पण सूर तर जिथल्या तिथं होता. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले.

"काढलं नाहीत तुम्ही."

"काढलंय."

"अहो, फुप्फुसं गेलीत माझी. कान शाबूत आहेत."

"हे समोरचं मशीन ऐकू येतंय तुला. अल्बममध्ये नाहीये."

त्यांना पटेना. मी म्हटलं, वहिनी, मी स्वतः होतो तिथं. "तुम्ही त्यांचेच मित्र," त्या म्हणाल्या. हेडफोन लावून बघा म्हणावं तर कानांवर जखमा. मशीन आतल्या खोलीत न्यावं तर आवाज भिंतीतून येणारच. वहिनी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मशीन बंद करा."

"नाही."

"एक मिनिट. एका मिनिटानं मी मरत नाही."

"सिलिंडर लावतो आधी."

"तो फुसफुसतो. त्यानं काय सिद्ध होणार? सिद्ध करायचं तर नीट करा."

शाळेत फळ्यासमोर पोरांना म्हणत असतील अगदी तसं म्हणाल्या. त्यानं त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. मग तो मशीनपाशी गेला आणि त्यानं बटण दाबलं.

मशीन थांबलं. गुरुवार सोडले तर इतके महिने त्या घरात जो आवाज कधी थांबलाच नव्हता, तो थांबला आणि गिटार एकटी उरली. तिनं एक ओळ वाजवली आणि ती थांबली. काहीच आलं नाही. नुसतीच मोकळी जागा. मग दुसरी ओळ. पुन्हा थांबली, पुन्हा काही नाही. मधे वहिनींचा श्वास तेवढा ऐकू येत होता, छोटा छोटा, घाईचा. डक्टमध्ये पारवे फडफडत होते. कोणाशी तरी बोलता बोलता तो माणूस उठून गेलाय आणि ह्याला ते कळलेलंच नाही, असं ते वाजत होतं. चिमट्यावरचा आकडा उतरायला लागला.

"पुरे," तो म्हणाला.

वहिनींनी हात वर केला, थांबा म्हणून. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. त्या स्पीकरकडे बघत होत्या.

"काढलेलं ते... ठेवलंय ना कुठे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "तू सांगितलं होतंस."

"आयुष्यात माझं कधी ऐकलं नाहीत," त्या म्हणाल्या. मग दोन श्वास घेतले. "नेमकं हेच ऐकलंत."

तो बटणाकडे वळला. स्पीकरमधून गिटारची आणखी एक ओळ आली आणि थांबली. वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मी गेल्यावर हे घरात असं ऐकू येणार."

त्यानं बटण दाबलं. मशीननं एक लांबलचक शिट्टी दिली आणि ते चालू झालं. गोळा वर आला. वहिनींनी नळी नाकात नीट बसवली, डोळे मिटून श्वास ओढत राहिल्या. चिमट्यावरचा आकडा सावकाश वर चढला. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून तसाच उभा होतो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आता पहिल्यापासून लावा."

त्यानं लावलं. आणि तो मशीनच्या शेजारी फरशीवर बसला, मशीनच्या झाकणावर तळवा ठेवला, आणि पाचवा तुकडा संपेपर्यंत त्यानं तो हात उचलला नाही.